प्रकल्प नोंदी: आठवीचा वर्ग आणि लघुकथेचे घटक

२३ जून

प्रकल्प सुरू करतेय. विषय लघुकथेचे घटक, वर्ग आठवी, आठवड्याला दोन तास, शेवटी प्रत्येकाची स्वतःची एक कथा आणि सगळ्यांची मिळून एक छोटी पुस्तिका. घटक कुठले ते काही गुपित नाही, कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदन, आशय. कोणी संवाद वेगळे मोजतं, कोणी भाषाशैली वेगळी मोजतं, आकड्यावर माझं काही भांडण नाही.

मला खुपतं ते असं की मुलं या सगळ्याच्या व्याख्या पाठ करतात, पेपरात "स्थळ - बाग, काळ - संध्याकाळ, मुख्य पात्र - अमुक" असं लिहून पूर्ण मार्क घेतात, आणि नंतर सहज विचारलं की अरे ही कथा संध्याकाळीच का घडते, सकाळी घडली असती तर काय बिघडलं असतं, तर सगळे एकमेकांकडे बघतात. घटक सापडला, पण तो तिथे काय काम करतोय हे कोणी विचारलंच नव्हतं त्यांना.

तर या वेळी पद्धत अशी ठरवलीये. एकच कथा घ्यायची, एवढी छोटी की सगळ्यांना तोंडपाठ होईल, आणि दर तासाला तिच्यातला एक घटक बदलायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचा प्रयत्न करायचा आणि काय काय तसंच राहायला नकार देतं ते बघायचं. जे हललं ते त्या घटकाला जोडलेलं होतं. काहीच हललं नाही तर तो घटक तिथे नुसता पडून होता.

२७ जून

नमुना कथा मीच लिहायची ठरवली, कारण पुस्तकातल्या कथांची "बरोबर उत्तरं" मुलांना गाइडमधून आधीच माहीत असतात, आणि छापलेल्या कथेवर कात्री चालवायला मुलं कचरतात. माझी आहे म्हटल्यावर बिनधास्त तोडतील. ही ती कथा, संदर्भासाठी पूर्ण उतरवून ठेवते:

*सई तेरा वर्षांची. तिच्या आजोबांना हल्ली फारसं आठवत नाही. दार उघडं दिसलं की ते बाहेर पडतात आणि मग त्यांना घर सापडत नाही. सकाळी आजोबा सईला म्हणाले, "मला कोंडू नकोस हं." सई म्हणाली, "नाही कोंडणार." चार वाजता सईच्या नाटकाची शेवटची तालीम होती, मुख्य काम तिचंच. साडेतीनला आईचा फोन आला, मला उशीर होतोय, तू आजोबांपाशी थांब. चारला दहा कमी असताना सई बाहेर पडली आणि तिने बाहेरून कुलूप लावलं. तालमीत तिचे सगळे संवाद बरोबर आले. अंधार पडता पडता ती परत आली, कुलूप काढलं. आजोबा दाराला टेकून बसले होते, पायात चपला. म्हणाले, "उघडलं एकदाचं. तू आत अडकलीस म्हणून मी केव्हाचा इथे थांबलोय."*

१ जुलै

पहिला तास. घटक हा शब्दच काढला नाही. कथा दोनदा वाचली, एकदा मी, एकदा वर्गातल्या एका मुलीने, आणि विचारलं काय घडलं सांगा. सगळ्यांनी क्रमाने सांगितलं, आणि मग आणि मग आणि मग. तिथून पुढे जायला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचा जुना दाखला फार कामाला येतो. कादंबरी या विषयावरच्या १९२७ सालच्या व्याख्यानांत त्यांनी हा फरक सांगितला होता, राजा मेला आणि मग राणी मेली ही नुसती गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. दोन्हीत माणसं तेवढीच मेली, क्रम तोच, फक्त दुसऱ्यात एकामुळे दुसरं झालं.

मग कथेतलं एकेक वाक्य वेगळ्या पट्टीवर लिहून गटांना दिलं आणि सांगितलं दोन पट्ट्यांच्या मधे "आणि मग", "म्हणून" किंवा "पण" यातलं एकच काहीतरी ठेवा. जिथे "आणि मग" सोडून काहीच बसत नाही तिथे सांधा कच्चा आहे असं समजायचं. बहुतेक ठिकाणी "पण" आणि "म्हणून" बसले. सईने वचन दिलं, पण चार वाजता तालीम होती. आईला उशीर झाला, म्हणून निर्णय सईवर आला.

गाडी अडली ती तालमीच्या वाक्यावर. तीन गटांनी तिथे "आणि मग" ठेवलं आणि हे वाक्य काढून टाका मॅडम, तालमीत काय झालं त्याचा आजोबांशी संबंध नाही असं म्हणाले. मी काढायलाच सांगणार होते तेवढ्यात खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला की तिथे "पण" येतो. तिने आजोबांना कोंडलं, पण तरी तिचे संवाद चुकले नाहीत. चुकायला हवे होते ना, म्हणजे तिला वाईट वाटतंय असं कळलं असतं, नाही चुकले म्हणून ते जास्त वाईट आहे. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग दहा मिनिटं नुसतं भांडण, सई निष्ठुर आहे का नाही यावर. कथानक शिकवायला यापेक्षा चांगला तास मी मागू शकत नाही.

४ जुलै

डोंगराची आकृती. पाठ्यपुस्तकांतून, चार्टांतून सगळीकडे दिसते ती, सुरुवात, चढ, शिखर, उतार, शेवट. मुलांना ती आधीच माहिती होती. मी सांगितलं की ही आकृती गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मधे मांडली आणि ती पाच अंकी नाटकांसाठी होती, त्यामुळे त्याच्या डोंगराचं शिखर बरोबर मधल्या अंकात येतं. लघुकथेला पाच अंक नसतात. शिखर कुठेही येऊ शकतं, पुष्कळदा अगदी शेवटच्या ओळीत, आणि उतार तर कित्येक कथांना नसतोच.

मग प्रत्येकाला सईच्या कथेची रेघ काढायला सांगितली, जिथे ताण वाढतो तिथे वर. निम्म्या वर्गाने शिखर कुलपापाशी काढलं, निम्म्यांनी आजोबांच्या शेवटच्या वाक्यापाशी. बरोबर कुठलं असं विचारत राहिले. मी दोन्ही ठेवले, कारण दोन्हीत वेगळं काहीतरी होतंय. कुलपापाशी सई असा निर्णय घेते की आता मागे फिरता येणार नाही. शेवटच्या वाक्यापाशी तिला (आणि आपल्याला) कळतं की तो निर्णय काय होता. निर्णय आणि उमज, दोन वेगळ्या जागा, कधी एकत्र येतात कधी नाही. अॅरिस्टॉटलनेही नाटकातल्या कलाटणीबद्दल आणि ओळख पटण्याबद्दल वेगवेगळं लिहिलंय आणि दोन्ही एकदम आले तर उत्तम असं म्हटलंय, पण तो भाग आठवीला नाही सांगितला, तास संपत आला होता.

एक गोष्ट मात्र सांगितली. एडगर अॅलन पो या अमेरिकन कथाकाराने १८४२ मधे एका कथासंग्रहाच्या परीक्षणात लिहिलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा मिळून एकच परिणाम व्हावा, पहिल्या वाक्यापासून प्रत्येक शब्द त्याच परिणामासाठी राबला पाहिजे. हे मुलांना लगेच पटलं कारण त्यांना लांबलचक प्रस्तावना वाचायचा कंटाळा येतोच. आता लिहिताना स्वतः पाळतील का बघू.

८ जुलै

निम्मा वर्ग स्पर्धेला गेलेला. उरलेल्यांकडून पट्ट्यांचा खेळ पुन्हा, या वेळी त्यांनी स्वतः वाचलेल्या एखाद्या कथेवर. बाकी विशेष नाही.

११ जुलै

पात्रं. अपेक्षेप्रमाणे पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर विशेषणांची रांग, सई हुशार, सई समजूतदार, सई स्वार्थी, आजोबा प्रेमळ, आजोबा विसराळू. विशेषणांनी पात्र उभं राहत नाही हे सांगून कळत नाही म्हणून तीन प्रश्न दिले. तिला काय हवंय. त्यासाठी ती काय गमवायला तयार आहे. आणि ती कोणापासून काय लपवतेय. या तीन प्रश्नांची उत्तरं विशेषणात देताच येत नाहीत, काहीतरी घडलेलं सांगावं लागतं.

मग आजचा बदल, सकाळचं वचन काढून टाका. "मला कोंडू नकोस हं" आणि "नाही कोंडणार" ही दोन वाक्यं फक्त. आता वाचा. वर्गाला पटकन जाणवलं की आता सई काहीच चुकीचं करत नाहीये, उलट शहाणी आहे, म्हातारा माणूस हरवू नये म्हणून कुलूप लावून गेली. एका मुलाने म्हटलं मॅडम आता ही गोष्ट राहिलीच नाही, बातमी झाली. वचन परत घातलं की तेच कुलूप विश्वासघाताचं होतं. कुलूप तेच, कृती तीच, माणूस मात्र बदलला, आणि माणूस बदलला म्हणून कथानकही बदललं. हे मला हवं होतं. पात्र आणि कथानक हे दोन वेगळे धडे असल्यासारखे शिकवले जातात त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

खलनायक कोण हा प्रश्न आलाच. आईला खलनायक करायला बरेच जण तयार होते, ती उशीर करते म्हणून. मी विचारलं आई वेळेवर आली असती तर? मग सईला काही ठरवायलाच लागलं नसतं. म्हणजे आईचं काम सईला एकटं पाडणं एवढंच. तिथून संघर्षावर आलो. माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध स्वतः, ही यादी त्यांना पाठ आहे, पण सईच्या कथेत समोर कोणीच शत्रू नाही आणि तरी संघर्ष आहे हे पहिल्यांदाच जाणवल्यासारखं दिसलं.

एका मुलीला आईचं पात्र एवढंसंच का असा राग आला होता. फॉर्स्टर यांची सपाट आणि गोल पात्रं सांगितली, एकाच बाजूने दिसणारी ती सपाट, आपल्याला पटेल असं अनपेक्षित वागू शकणारी ती गोल, आणि लघुकथेत सगळ्यांना गोल करायला जागा नसते. तिचं समाधान झालं नाही. चांगलंय. आईची कथा तूच लिही म्हटलं.

१५ जुलै

स्थळकाळ. इथे एक सवय मोडायला लागते, निबंधातून आलेली, कथेची सुरुवात म्हणजे सूर्य उगवत होता पक्षी किलबिलत होते. मग त्या सूर्याचा आणि पक्ष्यांचा पुढे कुठेच पत्ता नसतो.

प्रत्येक गटाला एक बदल दिला. पहिला गट, घर दाट वस्तीत, भिंतीला भिंत लागून शेजारी. दुसरा, घर एकटं, आसपास कोणी नाही. तिसरा, फोन घरोघरी नव्हते तो काळ. चौथा, बाहेर पुराचं पाणी चढतंय.

पहिल्या गटाची लगेच पंचाईत झाली. शेजारी एवढे जवळ आहेत तर सई त्यांना का नाही सांगत की आजोबांकडे लक्ष ठेवा? मी म्हटलं कथेला याचं उत्तर द्यावं लागेल, तुम्ही शोधा. बराच वेळ कुजबुज, मग त्यांनी ठरवलं की सईला लाज वाटते, आजोबांना आठवत नाही हे तिने कोणाला कळूच दिलेलं नाही. बघा, हलवलं स्थळ आणि हललं पात्र! सई आता आधीपेक्षा जास्त खरी वाटायला लागली, हे त्या गटानेच म्हटलं.

फोन नसलेल्या काळाच्या गटाला कळलं की आईचा निरोप येणारच नाही, म्हणजे सई वाट बघत राहील, म्हणजे घड्याळ कथेत येईल, आणि आई कुठल्याही क्षणी येईल या आशेवर ती शेवटच्या मिनिटापर्यंत थांबेल. त्यांची कथा मूळ कथेपेक्षा ताणलेली झाली. एकट्या घराच्या गटाने फार काही केलं नाही, कुत्रा आणला एक.

पुराच्या गटाने सगळ्यात जोरात काम केलं, पाणी, दोर, छपरावर चढणं, सई पोहत येते आणि आजोबांना वाचवते. वाचून दाखवताना वर्ग टाळ्या वाजवत होता. मग मी एकच विचारलं, वचनाचं काय झालं? कोणाला आठवेना. पूर एवढा मोठा की त्यात वचन वाहून गेलं आणि सईच्या मनातला झगडा जाऊन माणूस विरुद्ध पाणी असा झाला. कथा वाईट झाली असं मी म्हटलं नाही, ती दुसरी कथा झाली. पण स्थळ एवढं मोठं आणलं तर ते बाकीच्यांना बोलू देत नाही हे त्यांनीच वहीत लिहून घेतलं.

नियम म्हणून एकच दिला, वर्णन तेवढंच जेवढं त्या क्षणी त्या माणसाच्या नजरेला पडेल. तालमीला उशीर झालेल्या मुलीला ढगांचे आकार दिसणार नाहीत, घड्याळ दिसेल, कडी दिसेल.

२२ जुलै

निवेदन. या तासाची मी सुरुवातीपासून वाट बघत होते, कारण माझ्या मते लघुकथेत सगळ्यात जास्त ताकद इथे असते आणि सगळ्यात कमी वेळ यालाच दिला जातो, प्रथमपुरुषी म्हणजे मी, तृतीयपुरुषी म्हणजे तो ती ते, झालं, पुढचा धडा. खरा प्रश्न "मी" का "ती" हा नाहीच, सांगणाऱ्याला काय माहितीये आणि काय माहिती नाही हा आहे.

आधी एक छोटी चाचणी. नमुना कथा तृतीयपुरुषी आहे, पण ती कोणाबरोबर चालते? कोणीतरी म्हणालं सगळं दिसतंय निवेदकाला. मग म्हटलं कुलूप लावल्यापासून काढेपर्यंत घरात काय झालं ते सांगा. कथेत नाहीच ते! निवेदक सईबरोबर तालमीला निघून गेलाय. "ती" म्हणत असला तरी सईला जेवढं दिसतं तेवढंच तो दाखवतो. म्हणून शेवटचं वाक्य आपल्यालाही सईएवढंच अचानक लागतं.

मग पाच आवृत्त्या वाटून दिल्या. सई "मी" म्हणून. आजोबा "मी" म्हणून. आई. सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक. आणि समोरून जाणारा कोणीतरी अनोळखी माणूस, ज्याला फक्त बाहेरून दिसतं.

अनोळखी माणसाची आवृत्ती सगळ्यात छोटी झाली, मुलगी कुलूप लावताना दिसली, कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं, चार पावलं गेली आणि परत येऊन पुन्हा ओढून बघितलं. मनातलं एक अक्षर नाही आणि तरी सगळं कळतं. "ती घाबरली", "तिला अपराधी वाटलं" ही वाक्यं न लिहिता भावना कशी पोचते याचा वेगळा तास घ्यायची गरजच उरली नाही.

सगळ्यांच्या मनातलं सांगणाऱ्या आवृत्तीत मजा गेली असं त्या गटाचंच मत, कारण आजोबांच्या मनात काय चाललंय ते मधेच सांगून टाकावं लागलं. तरी मी त्यांना सांगितलं की या निवेदनाला कमी समजू नका, अनेक माणसांची मोठी कथा पेलायला तेच लागतं, फक्त या कथेच्या मापाचं नाही.

आणि आजोबांची आवृत्ती. एरवी फारसं न बोलणाऱ्या एका मुलीने लिहिली, तिच्या परवानगीने इथे उतरवतेय:

*दार आज उघडत नाहीये. मघाशी पोरीचा आवाज होता, आता नाही. आत अडकली असणार. मी हाक मारली. लहान आहे, घाबरेल. चपला घातल्या, म्हणजे दार उघडलं की लगेच जाता येईल तिच्याकडे. कोणाकडे जायचंय ते विसरता कामा नये. पोरीकडे. पोरीकडे.*

वाचून झाल्यावर मी लगेच काही बोलले नाही, मुलांनाच बोलू दिलं. एक जण म्हणाला आपल्याला माहितीये की तोच अडकलाय पण त्याला माहिती नाहीये. बस, यालाच म्हणतात अविश्वसनीय निवेदक, खोटं बोलत नाही तो, त्याला जे दिसतं ते प्रामाणिकपणे सांगतो, पण वाचकाला त्याच्या खांद्यावरून जास्त दिसतं. दुसरीने विचारलं मग आता शेवटच्या वाक्याला धक्का बसत नाही, कथा बिघडली का? छान प्रश्न. मूळ कथेत शेवटी आश्चर्य आहे, या आवृत्तीत आश्चर्य नाही पण पहिल्यापासून पोटात कालवत राहतं, कारण दाराच्या दोन्ही बाजू आपल्यालाच माहितीयेत. घटना तीच, सांगणारा बदलला आणि वाचकाला होणारा त्रास बदलला. हात वर करून मत घेतलं तर आजोबांची आवृत्ती जिंकली. माझंही मत तिलाच.

२५ जुलै

निवेदन पुढे चालू. मधेच सईच्या मनातून आईच्या मनात उडी मारणारे परिच्छेद बऱ्याच वह्यांत आलेत, "सईला वाटलं" आणि लगेच पुढच्या वाक्यात "आईला वाटलं". रंगीत पेनाने ज्याच्या नजरेतून वाक्य आहे त्याच्या रंगाने अधोरेखित करायला सांगितलं, एका परिच्छेदात दोन रंग आले की थांबा आणि ठरवा. पटकन जमलं.

५ ऑगस्ट

आशय. सगळ्यात अवघड, कारण लहानपणापासून बोधकथा ऐकून मुलांना शेवटी तात्पर्य लागतं. सईच्या कथेची तात्पर्यं अशी आली, दिलेला शब्द पाळावा, मोठ्यांची काळजी घ्यावी, कोणाला कोंडू नये. मी म्हटलं हे सगळं खरंच आहे, पण हे कथा न वाचताही सांगता आलं असतं. मग कथा कशाला हवी?

दुसरी चूक म्हणजे विषयालाच आशय म्हणणं. "विश्वास", "म्हातारपण", "स्वातंत्र्य", हे झाले विषय, एका शब्दात मावतात. आशय हा त्या विषयाबद्दल ही कथा काय म्हणते ते. त्यासाठी अर्धं वाक्य फळ्यावर लिहिलं, "ही कथा असं मानते की ___, पण ___" आणि अट अशी की दोन्ही रिकाम्या जागांना कथेतलंच एकेक वाक्य पुरावा म्हणून दाखवायचं. तो "पण" फार उपयोगी, तो आला की उपदेश आपोआप गळतो. एका गटाचं उत्तर, ही कथा असं मानते की काळजी घेणारा मोठा असतो आणि ज्याची काळजी घेतात तो लहान, पण आजोबा शेवटपर्यंत स्वतःला सईची काळजी घेणाराच समजतात. पुरावा म्हणून शेवटचं वाक्य आणि चपला. तेरा चौदा वर्षांची मुलं आहेत ही!

मग शेवट बदलून बघितला. आजोबा घरात नाहीतच, खिडकीतून बाहेर पडून हरवले, असा शेवट केला तर कथा म्हणते शब्द मोडलास म्हणून शिक्षा झाली. आजोबा शांत झोपलेले, त्यांना काही कळलंच नाही, असा केला तर कथा म्हणते चालतं, कोणाला कळलं नाही ना. एका वाक्याने आशय एवढा फिरतो हे बघून त्यांच्यातले दोघे तिघे आपापल्या कथांचे शेवट परत लिहायला लागले, कथा अजून लिहून व्हायच्या आहेत तरी.

१२ ऑगस्ट

तपशील. रशियन लेखक चेखव यांचा बंदुकीचा नियम सांगितला, पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली असेल तर पुढे ती उडाली पाहिजे, नाहीतर टांगू नका. आणि उलटंही, शेवटी जी उडते ती आधी कुठेतरी टांगलेली दिसली पाहिजे.

लगेच एकाने नमुना कथेवरच बोट ठेवलं, चपला शेवटीच येतात मॅडम, आधी कुठेच नाहीत. वर्गाने मिळून नवा तपशील घातला. आजोबा बाहेर पडू नयेत म्हणून सई रोज त्यांच्या चपला कपाटावर ठेवते. आता शेवटी पायात चपला म्हणजे आजोबांनी त्या शोधल्या, खुर्ची ओढली असेल, वर चढले असतील, कोणीतरी अडकलंय म्हणून एवढं सगळं. एका ओळीने शेवट दुप्पट जड झाला. कथेची हीच आवृत्ती आता वर्गाची अधिकृत आवृत्ती.

संवादांवर थोडंच घेतलं. "नमस्कार, कसा आहेस, मी बरा आहे" प्रकारचे सगळे संवाद खोडायचे, आणि उरलेल्या प्रत्येक वाक्याला विचारायचं की बोलणाऱ्याला यातून काय मिळवायचंय.

१९ ऑगस्ट

स्वतःच्या कथांचे पहिले खर्डे आले. वाचतेय. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे फार घटना, दोन पानांत अपघात, भांडण, परदेशगमन आणि पुनर्भेट. काही जणांची कथा संपवायची रीत म्हणजे कोणालातरी मारणं किंवा "आणि मला जाग आली". दोन्हींवर बंदी नाही घातली, पण ज्यांनी स्वप्न आणलंय त्यांना विचारलं की स्वप्न नसतं तर तुझ्या माणसाला काय ठरवावं लागलं असतं, ते टाळायला तू स्वप्न आणलंस का? एक मुलगा हसला आणि वही परत घेऊन गेला.

मर्यादा दिली, माणसं जास्तीत जास्त तीन, काळ एका दिवसाच्या आत, जागा शक्यतो एक. हे लघुकथेचे नियम म्हणून दिलेले नाहीत, वर्षानुवर्षांचा काळ ओलांडणाऱ्या उत्तम लघुकथा आहेतच. पण पहिल्या कथेला कुंपण असलं की मुलं लांब पळण्याऐवजी खोल जातात असा माझा अनुभव आहे.

२६ ऑगस्ट

एकमेकांचे खर्डे वाचणं. "छान आहे" आणि "अजून चांगलं करता येईल" लिहायला मनाई. वाचणाऱ्याने तीनच गोष्टी लिहायच्या, कुठल्या वाक्यापाशी पुढे काय होईल असं वाटलं, कुठे कंटाळा आला, आणि कुठला घटक बदलला तर ही कथा मोडेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कुठलाही बदला, चालेल" असं आलं की लिहिणाऱ्याला आपोआप कळतं. जास्त बोलावं लागत नाही.

२ सप्टेंबर

मूल्यमापन. एका सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की परीक्षेत शेवटी व्याख्याच विचारतात, मग हे सगळं कशाला. त्यांची काळजी रास्त आहे, मुलांचे मार्क जाऊन चालणार नाहीत. म्हणून व्याख्या घेतल्याच, फक्त सगळ्यात शेवटी घेतल्या आणि मुलांनी स्वतः लिहिल्या. "संघर्ष म्हणजे पात्राला दोन गोष्टी हव्या असतात आणि एकच मिळणार असते." "निवेदक म्हणजे ज्याला जेवढं माहिती असेल तेवढंच आपल्याला कळतं तो." परीक्षेत हे लिहिलं तर कोणी चूक म्हणू शकणार नाही.

चाचणीत न वाचलेली एक कथा दिली आणि दोन प्रश्न. या कथेतला कुठला एक घटक बदलला तरी फारसं बिघडणार नाही, का? कुठला बदलला तर कथाच मोडेल, का? शब्दमर्यादा नाही, शुद्धलेखनाचे मार्क वेगळे. शुद्धलेखन वेगळं ठेवल्याचा फायदा लगेच दिसला, एक मुलगा आहे ज्याच्या ओळीओळीत ऱ्हस्वदीर्घ चुकतात, त्याने लिहिलं की या कथेतला पाऊस काढला तर काही बिघडणार नाही कारण पावसामुळे कोणी काहीच वेगळं वागत नाही. अगदी बरोबर पकडलं त्याने. एरवीच्या पेपरात हे लाल शाईखाली गेलं असतं.

ज्यांना जमलं नाही ते बहुतेक सगळे आशयापाशी अडले, अजूनही तात्पर्यच लिहितायत. त्यांच्यासाठी अजून एक तास ठेवतेय.

९ सप्टेंबर

पुस्तिकेचं टायपिंग मुलांनीच केलं. क्रम लावताना वाद झाला, आधी कोणाची कथा, तर रोल नंबरप्रमाणे लावायचं सोडून त्यांनीच ठरवलं की एका कथेनंतर वेगळ्या निवेदकाची कथा यायला हवी म्हणजे सलग पाच "मी" वाचावे लागणार नाहीत. आईची कथा लिहिणार म्हणालेल्या मुलीने ती खरंच लिहिलीये, आई उशीर का करते त्याची. घरी गेलं की वडील आपल्याला ओळखतील की नाही या भीतीने ती ऑफिसमधे रेंगाळते. सईच्या आजोबांना आईचे वडील करून टाकलंय तिने, मूळ कथेत मी ते कुठे सांगितलंच नव्हतं.

पुढच्या तुकडीसाठी ठरवलेलं लिहून ठेवते. नमुना कथा नवी लागेल, कारण सईची आता सगळ्या शाळेला माहिती झालीये. नवीन कथेत समोर उघड विरोधक असलेला संघर्ष ठेवायचा, म्हणजे "खलनायकालाही काहीतरी हवं असतं" यावर बोलता येईल. निवेदनाला एक तास वाढवायचा आणि तो डोंगराच्या आकृतीतून कापायचा. आशय शेवटी न घेता तिसऱ्या आठवड्यात एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा घ्यायचा. शेवट बदलायचा खेळ मात्र आहे तिथेच ठेवायचा, पट्ट्या यंदाच्याच चालतील, कोऱ्या बाजूला लिहिता येईल.